विश्लेषण : ‘यूपीआय’च्या स्क्रीनवर विश्वास कसा बसतो?

भाजीच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड, समोर फोन धरलेला ग्राहक आणि काही सेकंदांत ‘वीस रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने सांगणारा डबा. रोज कोट्यवधी वेळा होणारा हा व्यवहार आता इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात विश्वासाचा काही प्रश्न असतो हेच जाणवत नाही. तो जाणवतो पैसे अडकतात, भलत्याकडे जातात किंवा कोणी लुबाडतो तेव्हा. २०२५ मध्ये यूपीआयच्या स्क्रीनवर काही महत्त्वाचे बदल झाले. वरवर किरकोळ वाटणारे हे बदल एका मोठ्या प्रश्नाशी जोडलेले आहेत. बटण दाबल्यावर काय होणार, हे सामान्य माणसाला आधी कळते का? आणि कळले नाही, तर चूक कोणाची?

नेमके कोणते बदल झाले?

‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ म्हणजेच ‘एनपीसीआय’ ही मुंबईस्थित संस्था यूपीआय चालवते. एप्रिल २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते या व्यवस्थेचा प्रारंभ झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून बँकांची ॲप लोकांच्या हाती आली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांनी प्रथमच २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षात दोन निर्णय झाले. पहिला नावाबाबत. पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच दाखवावे, क्यूआर कोडमधून आलेले किंवा फोनमध्ये जतन केलेले नाव दाखवू नये, असे एनपीसीआयने बजावले. त्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत होती. दुसरा निर्णय ‘कलेक्ट रिक्वेस्ट’चा. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे ॲपवरून पैसे मागण्याची ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. व्यापाऱ्यांना मात्र हा निर्णय तेव्हा लागू नव्हता. या दोन्ही निर्णयांत बँकेचे सर्व्हर किंवा कूटलेखनाचा संबंध नाही. स्क्रीनवर काय दिसते आणि त्यावरून माणूस काय समजतो, याच्याशी ते निगडित आहेत.

‘अंदाज येणारा’ इंटरफेस म्हणजे काय?

माणूस आणि यंत्र यांच्यात जिथे देवाणघेवाण होते तो भाग म्हणजे इंटरफेस. मोबाइलची स्क्रीन, एटीएमची बटणे, लिफ्टमधील मजल्यांचे आकडे, हे सगळे इंटरफेसच. अमेरिकी संशोधक डॉन नॉर्मन यांनी १९८८ मध्ये रोजच्या वापरातील वस्तूंच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. ते पुढे ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या नावाने गाजले. दार ढकलायचे की ओढायचे हे सांगण्यासाठी पाटी लावावी लागत असेल, तर दोष दाराच्या रचनेचा, माणसाचा नव्हे, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. वस्तू पाहताच माणूस मनात तिचे एक चित्र तयार करतो. हे दाबले की ते होईल, असे ते चित्र सांगते. प्रत्यक्षातही तसेच घडले की विश्वास वाढतो, वेगळे घडले की माणूस गोंधळतो. गॅसच्या शेगडीचे डावे बटण डाव्या बर्नरचे असते, म्हणून स्वयंपाक करताना कोणी त्यावर विचार करत बसत नाही. नव्या शेगडीत ते उलटे असेल तर महिनाभर हात चुकत राहतो.

जेकब नीलसन यांनी १९९४ मध्ये इंटरफेस तपासण्यासाठी दहा निकष मांडले. त्यांपैकी तीन इथे थेट लागू पडतात. यंत्रात आत काय चालले आहे ते वापरणाऱ्याला दिसावे. एकाच गोष्टीचा अर्थ सगळीकडे एकच असावा. आणि चूक झाल्यावर छानसा संदेश देण्यापेक्षा ती होऊच नये अशी रचना असावी. ‘विश्वासार्ह दिसणे’ आणि ‘विश्वासार्ह असणे’ यांतील फरक इथेच स्पष्ट होतो. निळा रंग, कुलपाचे चित्र आणि ‘शंभर टक्के सुरक्षित’ ही अक्षरे कोणालाही लावता येतात, बनावट ॲपलाही. अंदाज शंभर वेळा खरा ठरण्यातून येणारा विश्वास मात्र रचनेतूनच कमवावा लागतो.

यूपीआयने हे कसे साधले?

यूपीआयची ॲप अनेक कंपन्यांची आहेत. प्रत्येकाचे रंग, जाहिराती, बक्षिसे वेगळी. तरीही पिन टाकण्याचे पान सगळीकडे जवळपास सारखे दिसते. हा योगायोग नाही. हे पान ॲप बनवणारी कंपनी स्वतः तयार करत नाही. एनपीसीआयने दिलेला ठरावीक संगणकीय भाग सर्व ॲपमध्ये बसवावा लागतो आणि पिन त्यातूनच घेतला जातो. यामागे सुरक्षेचे कारण आहे, कारण पिन ॲप कंपनीच्या हाती पडत नाही. त्यासोबत सवयीचा फायदाही आहे. एका ॲपवर शिकलेला माणूस दुसऱ्या ॲपवर अडखळत नाही.

क्रमही ठरलेला आहे. कोड स्कॅन करा, नाव पाहा, रक्कम टाका, पिन टाका, निकाल पाहा. या साखळीतील एकही कडी मागेपुढे होत नाही, म्हणून ज्याला नीट वाचता येत नाही त्यालाही ती पाठ होते. छोट्या रकमांसाठी २०२२ मध्ये ‘यूपीआय लाइट’ आले. त्यात पिन लागत नाही. पण ती मोकळीक मर्यादित आहे. वापरकर्त्याने आधीच वेगळ्या काढून ठेवलेल्या रकमेतूनच पैसे जातात आणि प्रत्येक व्यवहाराला, तसेच एकूण शिलकीला कमाल मर्यादा असते. म्हणजे चहाच्या दहा रुपयांना अडथळा नाही, घरभाड्याच्या पंधरा हजारांना आहे. जोखीम जितकी मोठी, तितके थांबणे अधिक, हे चांगल्या रचनेचे सूत्र इथे दिसते.

मग फसवणूक कुठून शिरली?

याच सवयीतून. जुने फर्निचर विकण्यासाठी कोणी ऑनलाइन जाहिरात देतो. भामटा फोन करून सौदा पक्का करतो, ‘पैसे पाठवतो, तुम्ही फक्त स्वीकारा’ असे सांगतो आणि कलेक्ट रिक्वेस्ट धाडतो. विकणाऱ्याच्या फोनवर नोटिफिकेशन येते, त्यात रक्कम असते, होकाराचे बटण असते. पुढे नेहमीचेच पिनचे पान. हात आपोआप चालतो आणि खात्यात पैसे येण्याऐवजी खात्यातून जातात.

‘पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही’ असा प्रचार बँका, पोलीस आणि रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षे करत आहेत. ते खरेच आहे. पण स्क्रीनची शिकवण तितकी स्पष्ट नव्हती. खात्यातील शिल्लक पाहायलाही पिन टाकावा लागतो आणि त्या वेळी एक रुपयाही जात नाही. त्यामुळे पिन म्हणजे ‘पैसे निघाले’ असा पक्का अर्थ मनात बसतच नाही. पिन म्हणजे ‘बँकेच्या कामात लागणारी किल्ली’ इतकाच अर्थ बसतो. भामट्याने नेमका हा अस्पष्टपणा हेरला. फोनवर बोलत राहून त्याने ‘स्वीकारा’ या शब्दाचा अर्थ बदलला; उरलेले काम सवयीने केले.

इथे एक महत्त्वाचा धडा आहे. अंदाज येणे ही जशी सोय आहे, तशीच ती कमजोरीही आहे. जे न पाहता करता येते, ते न पाहता करवूनही घेता येते. म्हणून सवय कुठे चालू द्यायची आणि कुठे मोडायची, हे ठरवणे हा रचनेतील कळीचा निर्णय ठरतो. व्यक्ती-व्यक्तींमधील कलेक्ट रिक्वेस्टवर आधी व्यवहारामागे दोन हजार रुपयांची मर्यादा होती. ती पुरेशी ठरली नाही आणि अखेर सोयच काढून टाकली गेली. लोकांना शिकवण्यापेक्षा खड्डा बुजवणे परवडते, याची ही कबुली म्हणता येईल.

नाव दाखवण्याला एवढे महत्त्व का?

यूपीआयचा व्यवहार एकदा यशस्वी झाला की ग्राहकाला तो स्वतः मागे घेता येत नाही. धनादेश थांबवता येतो, कार्डावरील व्यवहाराला हरकत घेता येते. इथे पैसे क्षणात दुसऱ्याच्या खात्यात असतात. त्यामुळे पिन टाकण्याआधीचा क्षण हाच शेवटचा थांबा. त्या क्षणी दिसणारे नाव खोटे असेल, तर सगळी काळजी व्यर्थ. दुकानाच्या क्यूआर कोडवर दुसऱ्याच खात्याचा कोड चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार घडले आहेत. कोडमध्ये लिहिलेले नाव दाखवले, तर ते लिहिणारा भामटाच असू शकतो. बँकेत नोंदलेले नाव दाखवले, तर निदान केवायसी झालेले नाव समोर येते.

तरीही प्रश्न पूर्ण सुटत नाही. ‘श्री गणेश किराणा’ अशी पाटी असलेल्या दुकानात स्क्रीनवर मालकाचे तीन शब्दी कायदेशीर नाव दिसते, आणि ग्राहकाला ते ओळखीचे नसते. खरे नाव अनोळखी आणि खोटे नाव ओळखीचे, अशी उलटी स्थिती होते. म्हणून ‘बरोबर आहे ना?’ असे दुकानदाराला तोंडी विचारण्याची पद्धत रूढ झाली. स्क्रीनवर जे कमी पडले, ते माणसांनी बोलून भरून काढले.

ओळखीचा हाच मुद्दा बँकांच्या संकेतस्थळांनाही लागू आहे. बनावट संकेतस्थळांचे पत्ते खऱ्यासारखे भासतात. म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जाण्यास सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा पत्ता कोणालाही विकत घेता येत नाही, फक्त बँकांनाच मिळतो. रंग किंवा बोधचिन्ह नक्कल करता येते. अशी राखीव खूण करता येत नाही, हा त्यामागचा विचार.

‘पेंडिंग’ या शब्दाची भीती का वाटते?

पैसे खात्यातून गेले, समोरच्याला मिळाले नाहीत आणि स्क्रीनवर फक्त गोल फिरते आहे, हा अनुभव बहुतेकांनी घेतला आहे. पेट्रोल पंपावर मागे रांग लागलेली असते. अशा वेळी माणूस पुन्हा पैसे पाठवतो आणि दोनदा पैसे जातात. नीलसन यांनी प्रतिसादाच्या वेळेच्या तीन मर्यादा सांगितल्या आहेत. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आले तर ते तत्काळ वाटते. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. एनपीसीआयने जून २०२५ पासून काही प्रकारच्या विनंत्यांना उत्तर देण्याची मुदत ३० सेकंदांवरून १० ते १५ सेकंदांवर आणली. यामागे तांत्रिक कारणे आहेतच. पण थांबलेल्या माणसाच्या मनात काय चालते, यालाही त्यामुळे उत्तर मिळते.

वेग मात्र निम्मेच उत्तर देतो. उरलेले निम्मे म्हणजे स्पष्टता. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयवरून पैसे पाठवताना खात्यातून रक्कम गेली आणि समोरच्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती फार तर पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदाराला दिलेल्या पैशांबाबत ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने तक्रार न करता. नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे, पण अडकलेल्या क्षणी तो स्क्रीनवर नसेल तर त्याचा उपयोग काय? ‘प्रलंबित’ या एका शब्दापेक्षा ‘पैसे सुरक्षित आहेत, अमुक तारखेपर्यंत जमा होतील किंवा परत येतील, तोवर पुन्हा पाठवू नका’ हे वाक्य जास्त विश्वास देते. त्यात काय झाले, पुढे काय होणार आणि आता काय करायचे, ही तिन्ही उत्तरे आहेत. बिघाड झाल्याने विश्वास जातोच असे नाही. बिघाडाच्या वेळी व्यवस्था गप्प बसली, की तो जातो.

साउंडबॉक्स लोकप्रिय का झाला?

पैसे देणाऱ्याची स्क्रीन पैसे घेणाऱ्याला दिसत नव्हती. दिसली तरी तिच्यावर विसंबणे धोक्याचे होते, कारण बनावट ॲपवर हुबेहूब हिरवी खूण आणि रक्कम दाखवता येते. जुना स्क्रीनशॉट पुढे करणारेही होते. हात पिठात, तेलात किंवा भाजीत असलेल्या विक्रेत्याला प्रत्येक वेळी फोन काढून संदेश तपासणे शक्य नव्हते. साउंडबॉक्सने हे अंतर मिटवले. रक्कम खरोखर जमा झाल्यावर मिळणाऱ्या संकेतावरच तो बोलतो. म्हणजे पुरावा ग्राहकाच्या फोनवरून दुकानदाराच्या डब्यावर आला. तो बोलतो तेव्हा गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघेही एकाच वेळी ऐकतात. व्यवहार संपल्याची ती सार्वजनिक घोषणा असते. अक्षरओळख लागत नाही, स्क्रीन लागत नाही, अनेक भारतीय भाषांत तो बोलतो. इंटरफेस म्हणजे दरवेळी स्क्रीनच असावी लागते असे नाही, हे या छोट्या डब्याने दाखवून दिले.

जाणकारांचीही चूक होते का?

होते, आणि तीही अब्जावधींची. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतील सिटी बँकेला ‘रेव्हलॉन’ या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचे होते. प्रत्यक्षात जवळपास ९० कोटी डॉलर गेले, तेही बँकेचे स्वतःचे. वापरात होते ‘फ्लेक्सक्यूब’ हे बँकिंग सॉफ्टवेअर. त्याची मुळे मुंबईतील आय-फ्लेक्स या कंपनीत आहेत. पुढे ती ‘ओरॅकल’ने घेतली. मूळ रक्कम बँकेतच ठेवून फक्त व्याज बाहेर पाठवायचे, तर स्क्रीनवरील तीन चौकटी भरणे आवश्यक होते. भरली गेली एकच. नावावरून ती एक पुरेशी वाटत होती. व्यवहार तिघांच्या नजरेखालून गेला, तिघांनाही तो बरोबर वाटला. पैसे बँकेबाहेर जात असल्याचा इशारा स्क्रीनवर आला होता. पण किती रक्कम जात आहे, हे त्यात नव्हते.

काही कर्जदात्यांनी पैसे परत करण्यास नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. प्रशिक्षित कर्मचारी, तीन स्तरांची तपासणी आणि इशारा, हे सगळे असूनही फसवी स्क्रीन सगळ्यांना चकवू शकते. मग घाईत असलेल्या एकट्या ग्राहकाकडून ‘नीट वाचायला हवे होते’ अशी अपेक्षा कितपत न्याय्य ठरते?

रचना मुद्दाम फसवी असेल तर?

आतापर्यंतचे दोष निष्काळजीपणाचे होते. पण माणसाच्या सवयीचा अभ्यास करून त्याच्याच विरोधात वापरणारी रचनाही असते. ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये तिला ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. विमानाचे तिकीट काढताना नकळत जोडला जाणारा विमा, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, एका क्लिकमध्ये सुरू होणारी पण बंद करताना दमवणारी वर्गणी, ही त्याची परिचित रूपे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना अनुचित ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. जून २०२५ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्याची सूचनाही देण्यात आली.

वर्गणीच्या सापळ्याला यूपीआयच्या ‘ऑटोपे’ सुविधेत काही प्रमाणात उतारा आहे. ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना द्यावी लागते आणि दिलेली परवानगी रद्द करण्याची सोय ठेवावी लागते. मात्र रद्द करण्याचे बटण ॲपच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, यावर त्या हक्काची किंमत ठरते. मिळायला सोपे आणि सोडायला अवघड, असा तराजू जिथे दिसतो तिथे रचना ग्राहकाच्या बाजूची नाही, असे खुशाल समजावे.

चुकीची जबाबदारी कोणावर?

प्रश्न केवळ सोयीचा नाही, पैशांचा आहे, तो इथे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली आहे. चूक बँकेची असेल, किंवा दोष अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. पण नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल, म्हणजे त्याने आपली गोपनीय माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. कलेक्ट रिक्वेस्टला बळी पडलेल्याने तर पिन कोणालाच सांगितलेला नसतो. त्याने तो स्वतःच्या बोटांनी, खऱ्या ॲपमध्ये, खऱ्या पानावर टाकलेला असतो. व्यवस्थेच्या नजरेत हा व्यवहार पूर्णपणे ‘अधिकृत’ असतो. संमती नोंदली गेली, पण कशाला संमती दिली हे माणसाला कळले होते का, ते कुठेच नोंदले जात नाही. फसवणूक लक्षात येताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवणे हा तातडीचा उपाय. कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले, तरच ते मिळण्याची आशा असते.

म्हणूनच जगभरातील मानकांत हा मुद्दा आधीच आला आहे. वेब सुगमतेची ‘डब्ल्यूसीएजी’ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २००८ पासून सांगते, की पाने अंदाज येईल अशा रीतीने दिसावीत आणि चालावीत. आर्थिक आणि कायदेशीर व्यवहारांसाठी तिची अट आणखी नेमकी आहे. कृती मागे घेता यावी, किंवा भरलेली माहिती तपासली जावी, किंवा अंतिम होण्याआधी ती पाहून दुरुस्त करण्याची संधी मिळावी. यूपीआयमध्ये कृती मागे घेता येत नसल्याने उरलेल्या दोन गोष्टींवरच सारा भार पडतो.

सर्वांना एकच स्क्रीन पुरते का?

नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी हिरवी खूण निरर्थक असते. यश आणि अपयश यांतला फरक फक्त रंगाने दाखवला तर रंगांधळ्या व्यक्तीलाही तो कळत नाही. डोळे मिचकावून ‘जिवंत’ असल्याचे सिद्ध करायला लावणारी डिजिटल केवायसी अंध व्यक्तींना आणि ॲसिडहल्ल्यात चेहरा-डोळे गमावलेल्यांना दारातच अडवते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सर्वांना करता येईल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले.

भाषेचा अडथळाही कमी नाही. ‘रिक्वेस्ट’, ‘अप्रूव्ह’, ‘मॅण्डेट’ असे शब्द मराठी लिपीत लिहिले म्हणजे मराठी होत नाहीत. ‘विनंती मंजूर करा’ हे शुद्ध असले, तरी पैसे येणार की जाणार हे त्यातून समजत नाही. ‘तुमच्या खात्यातून ५,००० रुपये जातील’ हे वाक्य आजीलाही कळते आणि नातवालाही. ज्या बटणाने पैसे जातात, त्या बटणावर ‘पुढे’ किंवा ‘ठीक’ असे न लिहिता ‘५,००० रुपये पाठवा’ असे लिहिले, तर भामट्याच्या गोड बोलण्याला स्क्रीनच उत्तर देते.

पुढे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय व्यवहारांसाठी पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरण्याची सुविधा जाहीर झाली. पिन विसरणाऱ्यांना आणि ज्येष्ठांना ती सोयीची आहे. खांद्यावरून डोकावून पिन पाहण्याचा धोकाही टळतो. पण चार आकडे टाकताना मिळणारे दोन-तीन सेकंद त्यात जातात. ते सेकंद वाया जाणारे वाटत असले, तरी ‘अरे, थांब’ असे मनात येण्याची जागा तेवढीच होती. फोन उघडण्यासाठी दिवसातून अनेकदा जे बोट लावले जाते, तेच बोट आता पैसेही पाठवणार असेल, तर दोन कृतींमधला फरक स्क्रीनने अधिक ठळक करायला हवा.

अनेक बँकांच्या नेटबँकिंगमध्ये नवे खाते जोडल्यावर सुरुवातीचा काही काळ मर्यादित रक्कमच पाठवता येते. हा अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे आणि त्याबद्दल सहसा कोणी तक्रार करत नाही, कारण त्याचे कारण समजते. रोजच्या दुकानदाराला पन्नास रुपये देताना एकही जादा प्रश्न नको. अनोळखी व्यक्तीला प्रथमच मोठी रक्कम जात असेल तर क्रम बदलावा, नाव मोठ्या अक्षरांत यावे, हात थांबावा. ॲप कंपन्यांचा हिशेब मात्र वेगाचा असतो. व्यवहार जितका झटपट, तितका वापर जास्त. म्हणून कुठे थांबवायचे हे फक्त त्यांच्यावर सोडून चालणार नाही. नाव दाखवण्याचा आणि कलेक्ट रिक्वेस्ट बंद करण्याचा नियम जसा वरून आला, तसेच पुढचे नियमही नियामकांना आणावे लागतील. स्क्रीन चांगली की वाईट, हे तिच्या देखणेपणावर ठरत नाही. फोनवर कोणीतरी घाई करत असताना, चष्मा न सापडलेल्या माणसाला पैसे येणार की जाणार हे तिने वेळेत सांगितले का, एवढीच तिची कसोटी आहे.